पर्णरंध्रांवर काम करायचंय? केन्यापासून सुरुवात करा

दापोलीच्या कृषी विद्यापीठात वनस्पतिशरीरक्रियाशास्त्र शिकायला येणाऱ्यांना आल्या आल्या पर्णरंध्रं, म्हणजे पानावरची सूक्ष्म छिद्रं, बघायची घाई असते, आणि हाताशी असतं हापूसचं पान. ते नको. आंब्याची रंध्रं मुख्यतः पानाच्या खालच्या बाजूला असतात आणि त्या चिवट पानाची साल नीट सुटत नाही. नेलपॉलिशचा ठसा मिळतो, पण त्यात हालचाल दिसत नाही.

त्यापेक्षा बांधावरचा केना घ्या, पावसाळ्यात भातातून उपटून फेकतात तोच. रंध्रांवरचं कितीतरी मूलभूत काम केन्याच्या भाईबंदांवर झालंय, कारण पान मोडून हलकेच ओढलं की खालची पातळ साल अलगद निघते.

आता खरा प्रश्न. रंध्राच्या दोन बाजूंना दोन रक्षक पेशी असतात. ‘रक्षक पेशीत पाणी शिरलं की रंध्र उघडतं’ हे सगळेच लिहितात. पण पाणी शिरतं का? सकाळच्या उजेडातला निळा प्रकाश या पेशींना कळतो. मग पेशीपटलातले पंप हायड्रोजन आयन बाहेर टाकतात, आतली बाजू जास्त ऋण होते आणि पोटॅशियम आत ओढलं जातं. केन्यात ते बरंचसं शेजारच्या सहायक पेशींकडून येतं. सोबत क्लोराइड आणि पेशीतच तयार झालेलं मॅलेट (एका सेंद्रिय आम्लाचा ऋण आयन). आत क्षार वाढले की मागोमाग पाणी. भिंतीतले सेल्युलोजचे धागे पेशीला आडवे वेढून असतात, त्यामुळे ती जाड न होता लांब होते. दोन्ही रक्षक पेशींची टोकं जोडलेली, म्हणून बाक येतो आणि मध्ये फट पडते. जुन्या नोट्समधला पिष्ट-शर्करा सिद्धान्त (पिष्टाची साखर होते, म्हणून पाणी आत येतं) तोंडी परीक्षेपुरता माहीत असू द्या, पण एवढ्यावर उत्तर संपवू नका.

बंद होणं बघायचं तर काचपट्टीवरच्या सालीला एका बाजूने मिठाचं पाणी द्या, दुसऱ्या बाजूने टिपकागदाने ओढून घ्या. थोड्याच वेळात फटी मिटतात. मात्र हा नुसता परासरणाचा खेळ आहे: बाहेरचं खारं पाणी पेशीतलं पाणी ओढून घेतं. माती कोरडी पडल्यावर झाड स्वतः रंध्रं मिटतं तेव्हा ॲब्सिसिक आम्ल हे वनस्पती-संप्रेरक कामाला येतं: आधी ऋण आयनांच्या वाहिन्या उघडतात, मग पोटॅशियम बाहेर पडतं. परीक्षक नेमका हाच फरक विचारतात.

प्रबंधाला लागाल तेव्हा पोरोमीटर मिळेल, म्हणजे रंध्रांतून वाफ किती सहज बाहेर पडते ते मोजणारं उपकरण. तो चालवणं सोपं, वेळ पाळणं अवघड. एप्रिलमधलं सकाळी नऊचं आणि दुपारी दोनचं वाचन एकाच रकान्यात लिहिलंत तर त्या सरासरीला काहीच अर्थ नाही. पावसाळ्यात हवा दमट असली तरी ढगांमुळे उजेड कमी, तोही नोंदवा. भात घेतलात तर डंबेलच्या आकाराच्या रक्षक पेशी दिसतील, गोंधळू नका. आणि अननस घेणार असाल तर शेतावर रात्री थांबायची परवानगी आधीच काढून ठेवा. त्याची रंध्रं मुख्यतः रात्रीच उघडतात.