घटस्फोटासाठी वकील शोधताय? आधी या चुका टाळा

धाकट्या बहिणीच्या केससाठी मी साडेतीन वर्षं पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात जात होते. पुकाऱ्याची वाट बघत बाकावर बसलं की शेजारची माणसं आपोआप बोलू लागतात, आणि एक वाक्य पुन्हा पुन्हा कानावर येतं: "हे तेव्हाच कुणी सांगितलं असतं तर!" हे 'तेव्हा' म्हणजे बहुतेकदा वकील गाठण्याच्या आधीचे पंधरा दिवस. घरात रडारड, माहेरचे संतापलेले, सासरचे फोन उचलत नाहीत, आणि त्या गोंधळात जो पहिला नंबर हाती लागतो त्याच्या वकीलपत्रावर सही होऊन जाते. मी वकील नाही. पण त्या पंधरा दिवसांत काय बिघडतं ते मी जवळून पाहिलंय, म्हणून हे लिहितेय.

स्टॅम्पपेपरवरची फारकत

चार पंच, दोन्हीकडचे मामा, एक स्टॅम्पपेपर, नोटरीचा शिक्का आणि "आजपासून आमचा एकमेकांशी संबंध नाही" असं एक वाक्य. गावाकडे हे अजून चालतं, शहरातही चालतं. हिंदू विवाह कायदा, १९५५ खाली झालेलं लग्न अशा कागदाने मोडत नाही, त्याला न्यायालयाचा हुकूमनामाच लागतो. समाजात फारकतीची जुनी रूढी असेल तर कायद्याच्या २९व्या कलमात तिला जागा आहे, पण ती रूढी पुराव्याने सिद्ध करावी लागते. नुसतं "आमच्यात असंच असतं" म्हणून भागत नाही.

या कागदाच्या भरवशावर दुसरं लग्न केलं तर ते बेकायदा ठरतं, वर गुन्हाही होतो. असा कागद आधीच झाला असेल तर तो फाडू मात्र नका. तुम्ही वेगळे कधीपासून राहता हे दाखवायला वकिलाला तो उपयोगी पडू शकतो.

आपलं लग्न कोणत्या कायद्याखाली?

पहिल्या भेटीत वकील हेच विचारतो आणि निम्म्या लोकांना उत्तर येत नाही. मंगल कार्यालयात लग्न लावून नंतर महापालिकेत नोंदणी केलेली जोडपी सर्रास "आमचं कोर्ट मॅरेज" म्हणतात. ती फक्त नोंदणी असते. त्यांना लागू होतो तो हिंदू विवाह कायदाच, आणि तो बौद्ध, जैन, शीख यांनाही लागू आहे. विवाह अधिकाऱ्यासमोर नोटीस देऊन लग्न केलं असेल तर विशेष विवाह कायदा, १९५४. मुस्लिम, ख्रिस्ती, पारशी यांचे कायदे वेगळे. दाखला कोणत्या कायद्याखाली दिलाय ते त्यावर छापलेलं असतं, तेवढं वाचून जा.

गोव्यात लग्नाची नोंद झाली असेल तर तिथला पोर्तुगीज काळापासूनचा नागरी कायदा येतो. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर संपत्ती दोघांची सामाईक धरली जाते. अशा वेळी गोव्यात काम केलेलाच वकील बघा.

वकील निवडताना

सगळ्यात मोठी चूक म्हणजे काकांच्या जमिनीचा दावा जिंकून दिलेल्या वकिलाला घटस्फोटाची केस देणं. माणूस भला असेल, पण पोटगी, मुलांचा ताबा, समुपदेशकासमोरच्या बैठका हा वेगळाच पिंड आहे. दुसरी चूक, इंटरनेटवरच्या 'टॉप टेन' याद्या. बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला जाहिरात करता येत नाही, मग त्या याद्या कुणी आणि कशासाठी केल्या हे ज्याचं त्याने ओळखावं. "पोटगी मिळेल त्यातले इतके टक्के द्या" असं कुणी म्हणालं तर तिथूनच उठा, निकालावर ठरणारी अशी फीही नियमात बसत नाही. आणि "सहा महिन्यांत सोडवून देतो" अशी हमी कुणालाच देता येत नाही.

माझं मत असं की एक सकाळ मोडून न्यायालयात जाऊन बसावं. कोणता वकील तारखेला स्वतः येतो, कोण अशिलाशी नीट बोलतो आणि कोण त्याच्यावर खेकसतो, हे दोन तासांत कळतं. मग दोन-तीन जणांना भेटा. सनद क्रमांक, म्हणजे वकिलीच्या परवान्याचा नंबर, विचारायला संकोच करू नका. तारखेला तुम्ही येणार की ज्युनिअर, फी टप्प्याटप्प्याने किती, टायपिंग-झेरॉक्स-नकलांचा खर्च त्यात धरला आहे का, पावती मिळेल का, हे सगळं सहीच्या आधी विचारायचं. आमच्याकडे हे कुणीच विचारलं नाही. तिसऱ्या तारखेपासून दर वेळी नवा खर्च निघू लागला आणि बहीण प्रत्येक तारखेच्या आदल्या रात्री जागीच असायची.

कोऱ्या कागदावर सही करू नका. मूळ लग्नपत्रिका, फोटो, दाखले हातचे सोडू नका. वकिलाला झेरॉक्स द्या, मूळ कागद न्यायालयाने मागितले की तेव्हा. वकील बदलायचा असेल तर जुन्याची नाहरकत घ्यायची पद्धत आहे. "आधी उरलेली फी, मग फाईल" असं कुणी अडवत असेल तर सर्वोच्च न्यायालयाने २००० सालीच स्पष्ट केलंय की फीसाठी वकिलाला अशिलाची कागदपत्रं अडकवून ठेवता येत नाहीत.

हेही अनेकांना ठाऊक नसतं: कौटुंबिक न्यायालय कायदा, १९८४ च्या १३व्या कलमानुसार तिथे वकील लावणं हा हक्क नाही, परवानगीने मिळणारी सोय आहे. परवानगी मिळते, पण समुपदेशकासमोर बोलायचं तुम्हालाच असतं. म्हणून आपल्याला नेमकं काय हवंय हे वकिलाने लिहून देण्याआधी स्वतः एका पानावर लिहा. मुलं कुणाकडे, दर महिन्याला किती लागतं, कोणतं सामान परत हवं. त्या एका पानाने बहिणीची केस खऱ्या अर्थाने मार्गी लागली, पण ते लिहायला आम्हाला दीड वर्ष लागलं.

पैसे नाहीत म्हणून गप्प बसलेल्या बायकांसाठी: १९८७ च्या विधी सेवा कायद्याप्रमाणे स्त्रीला उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळू शकतो. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा किंवा १५१०० वर फोन करा. उत्पन्न कमी असलेल्या पुरुषांनाही ही मदत मिळते.

"पाच वर्षं वेगळे राहिलो, आपोआप झाला ना?"

नाही. घटस्फोट आपोआप कधीच होत नाही. लग्न पूर्ण विस्कटलंय या एकाच कारणावर घटस्फोट देण्याचा अधिकार २०२३ च्या घटनापीठाच्या निकालानुसार सर्वोच्च न्यायालयाकडे आहे, कौटुंबिक न्यायालयाकडे नाही. इथे एक तर क्रूरता, दोन वर्षं सोडून जाणं, व्यभिचार यांसारखं कारण सिद्ध करावं लागतं, नाहीतर परस्पर संमती.

संमतीच्या अर्जाआधी किमान वर्षभर वेगळं राहिलेलं असावं लागतं. वेगळं म्हणजे नवरा-बायको म्हणून न नांदणं. जागेच्या अडचणीपायी एकाच छताखाली राहणाऱ्यांनाही हे लागू होऊ शकतं. पहिल्या अर्जानंतर सहा महिने थांबायचं असतं. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालापासून न्यायालय ते माफ करू शकतं, पण त्यासाठी वेगळा अर्ज आणि सबळ कारण लागतं.

इथली खरी फसगत पैशांची आहे. अंतिम हुकूम होईपर्यंत दोघांपैकी कुणीही संमती मागे घेऊ शकतं. म्हणून सगळी रक्कम पहिल्याच दिवशी देऊ नका आणि सगळे हक्क पहिल्याच दिवशी सोडूही नका. टप्पे कन्सेंट टर्म्समध्ये, म्हणजे संमतीच्या लेखी अटींमध्ये, लिहून घ्या. दोघांना मिळून एकच वकील असेल तर सही करण्याआधी त्या अटी आपल्या बाजूच्या दुसऱ्या वकिलाकडून वाचून घ्या, एका भेटीची फी गेली तरी चालेल.

पोटगी, दागिने, घर

"ती कमावते, तिला काही मिळणार नाही" आणि "अर्धं घर माझंच", ही दोन्ही वाक्यं चुकीची. कमावत्या बायकोलाही परिस्थितीनुसार पोटगी मिळू शकते. हिंदू विवाह कायद्यात नवऱ्यालाही ती मागता येते. पण गोवा सोडला तर घर निम्मं वाटून देणारा कायदा इथे नाही. सर्वोच्च न्यायालयाच्या २०२० च्या निकालापासून दोघांनाही उत्पन्न, मालमत्ता आणि कर्जाचं प्रतिज्ञापत्र द्यावं लागतं, आणि पोटगी अर्जाच्या तारखेपासून धरली जाते. म्हणजे अर्ज करणं जितकं लांबेल तितके महिने गेले. कमाई लपवायला नोकरी सोडण्याचा सल्ला पुरुषांना मित्रमंडळी हमखास देतात. तो ऐकू नका, न्यायालय कमावण्याची कुवतही बघतं.

स्त्रीधन स्त्रीचंच. पण पाटल्या, तोडे, मोहनमाळ लग्नात घातली होती हे दाखवायचं कसं? सराफाच्या पावत्या बहुधा आईच्या नाहीतर वडिलांच्या नावावर असतात. त्या शोधा, लग्नाच्या फोटोंशी जुळवा, वस्तूंची यादी करा. हे काम भांडण पेटण्याआधी झालं तर फार बरं.

समन्स चुकवणं

समन्स घेऊन कोर्टाचा बेलिफ आला की "साहेब गावाला गेलेत" सांगायचं, ही हुशारी नाही. केस तुमच्याशिवाय चालते आणि एकतर्फी हुकूमनामा होतो. तो रद्द करून घ्यायला साधारण ३० दिवस असतात, नंतर उशीर का झाला ते पटवत बसावं लागतं. समन्स घ्या, त्यावरची तारीख वाचा. सीएनआर क्रमांक, म्हणजे केसचा स्वतंत्र ओळख क्रमांक, मिळाला की ई-कोर्ट्स ॲपवर पुढची तारीख स्वतः बघता येते, वकिलाच्या फोनची वाट बघावी लागत नाही. व्हॉट्सॲपवरचे संदेश रागात पुसून टाकू नका, तुमच्या बाजूचा पुरावा त्यातच असू शकतो.

परदेशातल्या मराठी मंडळींसाठी एवढंच: तिथल्या कोर्टाने आपल्या कायद्यात नसलेल्या कारणावर, आणि समोरच्याने ते कोर्ट मान्य केलेलं नसताना दिलेला घटस्फोट इथे टिकत नाही. १९९१ पासून सर्वोच्च न्यायालयाची हीच भूमिका आहे. तिकडचा कागद हातात आहे म्हणून इकडे लग्नाची तारीख ठरवू नका.

हुकूमनामा झाल्यावर

प्रमाणित नकला दोन-तीन तरी काढून ठेवा. घटस्फोट संमतीने नाही तर केस लढून मिळाला असेल तर अपिलाची मुदत संपेपर्यंत दुसरं लग्न करू नका. मग बँक, विमा, भविष्यनिर्वाह निधी इथलं वारसाचं (नॉमिनीचं) नाव बदला. बहिणीच्या निधी खात्यावर निकालानंतर चौदा महिने आधीच्या नवऱ्याचंच नाव होतं. नव्या नोकरीचा फॉर्म भरताना ते दिसलं, आणि त्याच संध्याकाळी आम्ही दोघी बसून आईचं नाव घातलं.