पाय शेव्ह केल्यावर उठणाऱ्या पुटकुळ्या: टाळायच्या कशा, शमवायच्या कशा

पाय शेव्ह केले त्या दिवशी हात फिरवताना छान वाटतं. मग दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी नडगीवर, गुडघ्याच्या वर किंवा मांडीच्या आतल्या बाजूला बारीक लाल पुटकुळ्या उठतात आणि खाज सुटते. पुटकुळी आठवड्याभरात बसते. पण आपल्या गव्हाळ, सावळ्या त्वचेवर तिच्या जागी जो काळपट डाग राहतो, तो फिका व्हायला कित्येक महिने लागू शकतात. म्हणून पुटकुळी उठूच नये हे पाहायचं, आणि उठलीच तर तिला नख लावायचं नाही. या दोन गोष्टी सांभाळल्या तर बाकीचं बरंच आपोआप जमतं.

आधी नेमकं काय झालंय ते ओळखा. शेव्ह केल्या केल्या त्वचा लाल होऊन चुरचुरत असेल, तर ती पात्याने खरवडली गेली आहे. ती एक-दोन दिवसांत शांत होते. पुटकुळ्या उशिरा येतात, कारण त्यांचं मूळ वाढणाऱ्या केसात असतं. कापलेल्या केसाचं टोक अणकुचीदार होतं. केस जाड किंवा कुरळा असेल, तर ते टोक वळून पुन्हा त्वचेत घुसतं. केस फारच खोल कापला गेला, तर तो बाहेर येण्याआधी आतल्या आतच बाजूला टोचतो. शरीर त्याला काट्यासारखं परकं मानतं आणि तिथे सूज येते. प्रत्येक केसाच्या मुळाशी पांढरं पू भरलेलं टोक दिसत असेल, तर जंतुसंसर्गाची शक्यता धरा. आणि शेव्ह केलं नाही तरी मांड्यांवर, दंडांवर वर्षभर खरखरीत दाणे असतील, तर त्याचा दोष रेझरला देऊ नका. तो त्वचेचा कोरडा, दाणेदार प्रकार आहे आणि त्याचे उपाय वेगळे आहेत.

आता रेझरकडे वळू. दोन पात्यांचे रेझर १९७१ साली बाजारात आले. आज पाच पात्यांचेही मिळतात. पहिलं पातं केस किंचित ओढून वर काढतं आणि तो मागे सरकायच्या आत पुढचं पातं त्याला कापतं. त्यामुळे केस त्वचेच्या पातळीखाली तुटतो. पाय अगदी काचेसारखे होतात ते यामुळेच, आणि पुटकुळ्याही यामुळेच येतात. वारंवार त्रास होत असेल, तर एक किंवा दोन पात्यांचा साधा रेझर घ्या आणि हाताला जराशी खुंटं लागली तर लागू द्या. माझ्या मते सगळ्यात मोठा फरक इथेच पडतो.

पहिली पायरी पाण्याची. कोरड्या पायावर रेझर कधीही चालवू नका. शेव्ह आंघोळीच्या शेवटी करा, म्हणजे केस भिजून मऊ झालेले असतात. बादलीने आंघोळ करत असाल तर पायांवर पाणी लवकर ओघळून जातं; अशा वेळी कोमट पाण्यात पिळलेला पंचा ३ ते ५ मिनिटं पायांवर गुंडाळून ठेवा. कडक गरम पाणी नको, त्याने त्वचा आणखी कोरडी पडते.

मग हलक्या हाताने मऊ ओल्या कापडाने पाय पुसून घ्या. वज्री टाचांसाठी असते, ती नडगीवर घासू नका. दिवाळीत अभ्यंगस्नानासाठी उटणं लावणार असाल, तर शेव्ह दोन दिवस आधी उरकून घ्या. ताज्या शेव्ह केलेल्या त्वचेवर उटण्याचा भरडपणा सोसत नाही.

त्यानंतर शेव्हिंग जेल किंवा क्रीम लावून २ मिनिटं थांबा. ते नसेल तर केसांचं कंडिशनर चालतं. साबण मात्र टाळा. बोअरच्या जड पाण्यात त्याला धड फेस येत नाही आणि पातं अडखळतं. खोबरेल तेलाने पात्यांमधल्या फटी भरतात, म्हणून तेही शेव्हच्या आधी नको.

रेझर केसांच्या दिशेने चालवा. नडगीवर केस साधारणपणे खाली झुकलेले असतात, म्हणजे गुडघ्याकडून घोट्याकडे. मांडीवर दिशा बदलत जाते, तिथे आधी कोरड्या हाताने चाचपून बघा. त्वचा ताणू नका, रेझर दाबू नका, छोटे छोटे फटके घ्या आणि प्रत्येक एक-दोन फटक्यांनंतर पातं धुवा. एका जागेवरून पुन्हा पुन्हा फिरवायचा मोह होतो, तो आवरा. फिरवायचाच असेल तर आधी पुन्हा जेल लावा. गुडघा किंचित वाकवला की काम सोपं होतं.

शेवटी गार पाणी ओता, टॉवेलने टिपून घ्या आणि त्वचा दमट असतानाच बिनवासाचं मॉइश्चरायझर लावा. अत्तर, डिओ, स्पिरिटवालं लोशन त्या दिवशी पायांना लागू देऊ नका. कुठे कापलं असेल तर तुरटीचा खडा रक्त थांबवतो. पण ती सगळ्या पायाला चोळली तर त्वचा कोरडी पडते.

शेव्ह रात्री करणं चांगलं, कारण त्यानंतर सैल सुती पायजम्यात झोपता येतं. शेव्ह करून लगेच तंग लेगिंग्ज किंवा जीन्स घालून घामात फिरलं, की कापड प्रत्येक केसाच्या तोंडावर घासत राहतं. पावसाळ्यात अर्धवट वाळलेले कपडे याहून वाईट. रेझरही न्हाणीघरातल्या ओलीत ठेवू नका. झटकून कोरड्या जागी ठेवा, ५ ते ७ वेळा वापरला की पातं बदला, आणि बहिणीलासुद्धा देऊ नका.

पुटकुळ्या उठल्याच असतील तर पहिला उपाय म्हणजे शेव्ह बंद. त्या पूर्ण बसेपर्यंत रेझर लावायचा नाही. त्रास जास्त असेल तर महिनाभर थांबा. वाढता केस बहुतेक वेळा स्वतःच बाहेर सुटतो. खाज सुटली की गार पाण्यात पिळलेलं कापड ५ ते १० मिनिटं ठेवा, मग कॅलामाइन लोशन किंवा कोरफडीचा गर लावा. घरच्या कुंडीतलं पान कापलंत तर त्यातला पिवळा चीक आधी पूर्ण निथळू द्या आणि गर धुऊन घ्या. तो चीक त्वचेला झोंबतो. लालसरपणा उतरल्यावर २ टक्के सॅलिसिलिक अॅसिडचं लोशन आठवड्यातून दोन-तीनदा लावल्यास मृत त्वचा सुटते आणि अडकलेल्या केसाला वाट मिळते. सोललेल्या त्वचेवर आणि गरोदरपणात ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय नको.

लिंबू, टूथपेस्ट, पाणी न घातलेलं अँटिसेप्टिक यातलं काहीही लावू नका. लिंबाचा रस लावून उन्हात गेलं तर त्वचा भाजून डाग अधिक गडद होतो. याहून कळकळीने सांगते: औषधाच्या दुकानातून ‘खाजेचं मलम’ म्हणून मिळणारी ट्यूब स्वतःच्या मनाने लावू नका. अशा कित्येक मलमांत तीव्र स्टेरॉइड असतं. चार दिवस बरं वाटतं, पण वापर लांबला की त्वचा पातळ होते आणि संसर्ग आतल्या आत वाढतो.

त्वचेखाली केसाचा वेटोळा दिसत असेल तर कोमट कापडाने शेक द्या. टोक वर आलं तर स्पिरिटने पुसलेल्या चिमट्याने ते फक्त मोकळं करा. केस उपटू नका. नवा केस येताना पुन्हा तिथेच अडकू शकतो.

पू वाढत असेल, लाली पसरत असेल, जागा गरम लागत असेल किंवा ताप आला असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. मधुमेह असेल तर पायावरच्या छोट्या जखमेलाही थांबू नका. आणि काळजी घेऊनही दर वेळी हेच होत असेल, तर रेझरच सोडा. केस मिलिमीटरभर ठेवणारा ट्रिमर त्वचेला जवळपास लागतच नाही. वॅक्सिंगनेही केस आत वाढतात, त्यामुळे तो पर्याय खात्रीचा नाही. लेझरने केस कायमचे कमी होऊ शकतात. सावळ्या त्वचेसाठी १०६४ नॅनोमीटरचं एनडी-यॅग लेझर अधिक सुरक्षित मानतात. पहिल्याच भेटीत डॉक्टरांना त्यांच्याकडे ते आहे का, हे विचारा.