ब्रिटनच्या थंडीत तान्हं बाळ: किती कपडे, किती पांघरूण

बाळंतपणासाठी आजी भारतातून आली की पहिला मतभेद बहुधा टोपड्यावरून होतो. आजी टोपडं घालते, घरी आलेली मिडवाइफ, म्हणजे इथली सुईण, ते काढायला सांगते. काळजी दोघींनाही आहे, फक्त दोघींच्या डोळ्यांपुढचं घर वेगळं आहे. आपल्याकडे पहाटेचा गारठा दाराखिडक्यांतून थेट आत येतो, म्हणून कुंची, टोपडं, दुपट्यात गुंडाळणं हे सगळं तिथे योग्यच. ब्रिटनमधल्या घरात दुहेरी काचेच्या बंद खिडक्या, खाली गालिचा आणि भिंतीला रेडिएटर. बाहेर २ अंश असताना आत सहज २१ असतात. म्हणून बाळाला काय घालायचं ते खोलीतल्या तापमानावर ठरवा, खिडकीतून दिसणाऱ्या धुक्यावर नाही.

थंडीपेक्षा इथे जास्त सांभाळायचं ते अति उबेपासून. तान्ह्या बाळाच्या अंगातली जादा उष्णता मोठ्या प्रमाणावर डोक्यातून आणि चेहऱ्यातून बाहेर पडते. डोकं झाकलं की ती वाटच बंद होते, आणि उकडलं म्हणून पांघरूण लाथाडणं त्याला अजून जमत नाही. झोपेत अचानक होणाऱ्या मृत्यूची, म्हणजे कॉट डेथची, जोखीम अति उबेने वाढते. पालथं झोपवण्याने तर ती फारच वाढते. ब्रिस्टलमध्ये बालरोगतज्ज्ञ पीटर फ्लेमिंग यांच्या गटाने यावर अभ्यास केला आणि १९९१ मध्ये ब्रिटनभर ‘बॅक टू स्लीप’, म्हणजे बाळाला पाठीवर झोपवा, ही मोहीम सुरू झाली. त्यानंतर असे मृत्यू सुमारे ८० टक्क्यांनी घटले. पुढच्या सूचनांमागे हा इतिहास आहे.

खोलीचं तापमान

झोपायच्या खोलीत १६ ते २० अंश सेल्सिअस हवेत. मोठ्यांना हे जरा गारच वाटतं, आणि भारतातून नुकत्याच आलेल्या आजीला तर नक्कीच. तिला शाल, मोजे, हवं तर वेगळी उबदार खोली द्या, पण तिच्या थंडीसाठी बाळाच्या खोलीचा थर्मोस्टॅट वाढवू नका. साधा रूम थर्मामीटर कॉटच्या उंचीवर ठेवा, मात्र रेडिएटरच्या वर किंवा खिडकीच्या चौकटीवर नको, तिथे आकडा चुकीचा येतो.

बहुतेक रेडिएटरच्या बाजूला १ ते ५ आकड्यांची फिरती कळ असते. हे आकडे अंश नव्हेत. साधारण ३ वर खोली २० अंशांच्या आसपास राहते, २ वर त्याहून गार. दोन रात्री थर्मामीटर बघून आपल्या खोलीचा आकडा पक्का करा. रात्रभर हीटिंग चालू ठेवायची गरज क्वचितच पडते. संध्याकाळी खोली १८ पर्यंत आणून बॉयलर टायमरवर बंद होऊ द्यायचा आणि पहाटे पुन्हा सुरू करायचा, एवढं पुरतं. जुन्या विटांच्या टेरेस (एकाला एक चिकटलेल्या) घरात पहाटे पारा १५ पर्यंत उतरतो. तिथे मात्र टायमरमध्ये पहाटे तीन-चारच्या सुमारास एक छोटी फेरी जोडा.

कॉट रेडिएटरला, हीटरला किंवा उन्हाच्या खिडकीला चिकटून ठेवू नका. गरम पाण्याची पिशवी आणि इलेक्ट्रिक ब्लँकेट बाळाच्या अंथरुणात कधीही नको. पडद्याच्या किंवा ब्लाइंडच्या लोंबत्या दोऱ्यांपासूनही कॉट लांब हवी, त्यांचा गळफास बसतो. बाळाच्या खोलीतल्या रेडिएटरवर ओले कपडे वाळत घालू नका. त्या ओलीने भिंतीवर काळी बुरशी धरते आणि ती बाळाच्या श्वासाला घातक.

शेक आणि धुरी यांबद्दल स्पष्टच सांगायला हवं. निखाऱ्यांची शेगडी, ओव्याची किंवा बाळंतशेपाची धुरी बंद ब्रिटिश घरात करू नये. हवा खेळती नसते, धूर छातीत जातो आणि निखाऱ्यातून निघणारा कार्बन मोनॉक्साइड नाकाला कळत नाही. इंग्लंडमध्ये ऑक्टोबर २०२२ पासून भाड्याच्या घरात गॅस बॉयलर असलेल्या खोलीत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म बसवणं घरमालकावर बंधनकारक आहे. तो आहे का, चालतो का, हे बटण दाबून बघा.

कॉट आणि अंथरूण

प्रत्येक झोप पाठीवर, दुपारची डुलकी असो की रात्रीची. कुशीवर झोपवलं तर बाळ सहज पालथं होतं, म्हणून पाठीला दुपट्याची गुंडाळी लावून कुशीवर ठेवण्याची पद्धत सोडा. पाठीवर असताना दूध वर आलं तर घशात अडकेल ही भीती सगळ्यांना वाटते, पण निरोगी बाळ ते गिळतं किंवा बाहेर काढतं. पुढे बाळ आपलं आपण दोन्ही बाजूंनी वळायला लागलं की ते वळेल तसं झोपू द्या, फक्त सुरुवात पाठीवर करा.

पाय कॉटच्या पायथ्याला टेकतील असं ठेवा, म्हणजे बाळ घसरून पांघरुणाखाली जात नाही. गादी घट्ट, सपाट, पाणी न शोषणारी आणि कॉटमध्ये नेमकी बसणारी हवी. कडेला ३ सेंटिमीटरहून मोठी फट राहिली तर ती गादी त्या कॉटची नाही. जुनी कॉट कोणाकडून मिळाली तरी गादी नवी घ्या, हा खर्च वाचवू नये. कॉटवर ‘बीएस ईएन ७१६’ हा सुरक्षेच्या मानकाचा शिक्का शोधा. कडेचे बंपर, कापसाची खेळणी, मऊ पॉड (घरट्यासारखी गादी) आणि गोधडी या सगळ्याला पहिलं वर्षभर कॉटबाहेर जागा द्या.

डोकं गोल व्हावं म्हणून ठेवतात ती मोहरीची उशीही यातच आली. इथे कोणतीही उशी वर्षभर नको. नाक दबतं, हनुवटी छातीला टेकते आणि श्वास अडतो. डोकं एका बाजूला चपटं होऊ नये यासाठी दुसरा उपाय आहे: रोज रात्री डोक्याची बाजू बदला आणि दिवसा बाळ जागं असताना, समोर कोणी बसलेलं असताना त्याला पोटावर ठेवा. सुरुवातीला एक-दोन मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. बारशाचा पाळणा जरूर सजवा, पण गाढ झोप लागली की बाळ सपाट कॉटमध्ये. झोळीत पाठीला बाक येतो, तिथे रात्र काढायची नाही. गळ्यातला काळा दोरा आणि साखळी झोपवताना काढून ठेवा.

पहिले सहा महिने कॉट मोठ्यांच्या खोलीतच असावी. आईला झोप मिळावी म्हणून कॉट आजीच्या खोलीत हलवली तरी चालतं, पण बाळ आजीच्या पलंगावर, रजईत नको. सगळ्यात वाईट जागा म्हणजे सोफा. दूध पाजता पाजता सोफ्यावर किंवा आरामखुर्चीत मोठ्या माणसाचा डोळा लागला तर कॉट डेथची जोखीम ५० पटींपर्यंत वाढते. रात्री फार दमला असाल तर त्यापेक्षा पलंगावर बसून पाजा आणि आधीच उशा व रजई दूर सारा. बाळ ३७ आठवड्यांआधी जन्मलेलं असेल, जन्माच्या वेळी अडीच किलोहून कमी असेल, किंवा सोबत झोपणाऱ्यांपैकी कोणी सिगरेट ओढत असेल वा दारू प्यायलं असेल, तर एका पलंगावर झोपणं पूर्ण टाळा.

टॉग म्हणजे उबेचं माप

इथे बाळाच्या स्लीपिंग बॅगेवर, म्हणजे पांघरुणाऐवजी अंगात घालायच्या पिशवीवर, टॉगचा आकडा असतो. जितका मोठा, तितकी बॅग उबदार. खोली २४ अंशांच्या वर असेल तर ०.५ टॉग, २१ ते २४ मध्ये १ टॉग, १६ ते २० मध्ये २.५ टॉग. ३.५ टॉगची बॅग फक्त १६ खाली जाणाऱ्या खोलीसाठी. ती “थंडी आहे” म्हणून २० अंशांच्या खोलीत वापरली की बाळ घामाने भिजतं, आणि सगळ्यात जास्त चूक होते ती इथेच.

रात्रीचा पेहराव १८ अंशांना असा: लंगोटाच्या जागी नॅपी, लांब बाह्यांची बनियन, वर पायांसकट झाकणारा सुती स्लीपसूट आणि २.५ टॉगची बॅग. २० अंशांना बनियन काढा. बॅग असेल तर वर पांघरूण नाही, आणि आत स्वेटर नाही. बॅगेचा गळा नीट बसला पाहिजे. चेन लावल्यावर मानेपाशी बोट जावं, पण बाळाचं डोकं आत घसरू नये. “मोठी घेऊ, वर्षभर पुरेल” हा हिशोब इथे धोक्याचा आहे. लेबलवर किमान वजन दिलेलं असतं, त्याखालच्या बाळाला ती बॅग घालू नका. तोवर पातळ सुती ब्लँकेट खांद्यापर्यंतच ओढून दोन्ही बाजूंनी गादीखाली खोचा. एक ब्लँकेट दुमडलं की ती दोन झाली, हे लक्षात ठेवा.

दुपट्यात गुंडाळायचं तर पातळ सुती कापडात, खांद्याच्या खाली, छातीला सैल आणि कमरेखाली पाय बेडकासारखे हलतील असं. पाय सरळ ताणून बांधले तर खुब्याच्या सांध्याला इजा होते. बाळ वळायची खटपट करू लागलं की गुंडाळणं त्याच दिवशी बंद.

ऊब बरोबर आहे का ते हातपाय बघून कळत नाही. तान्ह्या बाळाचे तळहात-तळवे गारच असतात, आणि त्यांना हात लावूनच आजी आणखी एक स्वेटर आणते. दोन बोटं छातीवर किंवा मानेच्या मागे ठेवा. गरम, घामट लागलं तर एक थर कमी करा, गार लागलं तर एक पातळ थर वाढवा. आजीलाही हीच खूण दाखवा. वादापेक्षा हे लवकर पटतं. तरीही अडलं तर बाळ १० ते १४ दिवसांचं असताना हेल्थ व्हिजिटर (बाळाची देखरेख करणारी परिचारिका) घरी येते, तेव्हा तिला झोपायची जागा दाखवून आजीसमोरच विचारा.

बाहेर जाताना आणि आत येताना

बाहेर टोपी हवीच, आणि आपल्यापेक्षा एक पातळ थर जास्त. गडबड होते ती परत येताना. बस, ट्रेन, दुकान, घर, कुठेही उबेत शिरलात की टोपी आणि बाहेरचे कपडे लगेच काढा, बाळ जागं होणार असलं तरी. प्रॅमचं प्लॅस्टिकचं रेनकव्हर दुकानात चढवलेलं राहिलं तर आत हवा झपाट्याने तापते. स्लिंगमध्ये, म्हणजे अंगाला बांधायच्या झोळीत, बाळ छातीशी असेल तर तुमच्या अंगाची ऊब हाच एक थर धरा. त्याचा चेहरा सतत दिसत राहिला पाहिजे, हनुवटी छातीपासून सुटी हवी.

कारसीटमध्ये जाड स्नोसूटवर पट्टे आवळले तर ते प्रत्यक्षात सैल असतात. धक्का बसला की सूट दबतो आणि बाळ पट्ट्यातून निसटू शकतं. सूट काढा, पट्टे घट्ट करा, मग पट्ट्यांवरून ब्लँकेट टाका. सलग दोन तासांहून जास्त वेळ सीटमध्ये नको, आणि अगदी नवजात असेल तर त्याहून बराच कमी. घरी पोहोचल्यावर झोपलेलं बाळ सीटसकट हॉलमध्ये ठेवू नका, कॉटमध्ये घाला.

हिवाळ्यात ऊन बाळाच्या कामाचं नसतं, कोवळ्या उन्हाचं अंगण इथे नाही. अंगावर पिणाऱ्या बाळाला जन्मापासून रोज ८.५ ते १० मायक्रोग्रॅम ड जीवनसत्त्वाचे थेंब द्या. दिवसाला ५०० मिलिलीटरहून जास्त फॉर्म्युला (डब्याचं दूध) पीत असेल तर लागत नाहीत.

अंघोळ रोज लागत नाही, आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. टबात आधी गार पाणी, मग गरम, आणि ३७-३८ अंशांवर थांबा. मालिश आणि अंघोळ यांसाठी खोली नेहमीपेक्षा उबदार केली तर हरकत नाही, पण झोपवण्याआधी ती पुन्हा खाली आणा. मोहरीचं तेल नवजात त्वचेला झोंबतं, ते टाळा.

बाळ आजारी असेल तर

तापलेल्या बाळाला गुंडाळायचं नाही, एक थर कमी करायचा. काखेत धरायचा डिजिटल थर्मामीटर घरात ठेवा. तीन महिन्यांखालच्या बाळाला ३८ अंश किंवा जास्त, तीन ते सहा महिन्यांच्या बाळाला ३९ किंवा जास्त असेल तर सकाळची वाट न बघता जीपीकडे (तुमच्या नोंदणीच्या डॉक्टरकडे) किंवा १११ या वैद्यकीय सल्ल्याच्या क्रमांकावर फोन करा. ३६ हून कमी तापमान, गार छाती, मलूलपणा, दूध न ओढणं हेही तितकंच गंभीर. आपल्या सावळ्या त्वचेवर निळेपणा चटकन दिसत नाही, म्हणून ओठ, जीभ, हिरड्या आणि तळवे बघा. ते निळसर-करडे असतील किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल तर ९९९ वर फोन करून रुग्णवाहिका बोलवा.

आजी बाळासोबत एकटी राहणार असेल तर १११ वर दुभाषा मागता येतो हे तिला सांगून ठेवा. फ्रिजवर मोठ्या अक्षरांत एक कागद चिकटवा: घराचा पत्ता आणि पोस्टकोड, बाळाचं पूर्ण नाव, जन्मतारीख, रेड बुकमधला (बाळाच्या आरोग्यनोंदीच्या लाल वहीतला) एनएचएस नंबर, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेचा क्रमांक, आणि जीपीच्या सर्जरीचं (दवाखान्याचं) नाव. “बेबी, नॉट ब्रीदिंग वेल” हे शब्द त्याखाली देवनागरीत लिहा आणि तिच्याकडून एकदा मोठ्याने म्हणवून घ्या.