महागडी गाडी सारखी बिघडते? आधी जॉबकार्ड नीट लिहून घ्या

ऐंशी लाखांची गाडी पुन्हा पुन्हा वर्कशॉपमध्ये उभी आणि सर्व्हिस अ‍ॅडव्हायझर फोन उचलत नाही, हा मनस्ताप फार वाईट. अशा वेळी सगळ्यात जास्त उपयोगी पडतं ते जॉबकार्ड, म्हणजे गाडी वर्कशॉपमध्ये देताना तक्रार आणि काम लिहून सही घेतात तो कागद. त्यावर 'जनरल चेकअप' लिहिलं असेल तर सही करू नका. 'गाडी चालू असताना गिअरबॉक्सचा इशारा येतो आणि पिकअप जातो' असं नेमकं लिहायला लावा. गाडी आत गेल्याची आणि परत मिळाल्याची तारीख, किलोमीटर, बदललेले पार्ट, स्कॅनरवर दिसलेले फॉल्ट कोड (गाडीने स्वतः नोंदवलेले बिघाडाचे कोड), सगळ्याची प्रत मागा. इशारा दिसतोय तेवढ्यात व्हिडिओ काढून ठेवा. कोड पुसले गेले की 'काही दोष आढळला नाही' एवढंच ऐकायला मिळतं. फोनवर मिळालेलं प्रत्येक आश्वासन त्याच दिवशी ईमेलवर आणा, डीलर आणि कंपनी दोघांनाही पाठवा.

वॉरंटी असताना बाहेरच्या गॅरेजला गाडी उघडू देऊ नका. पुढे ग्राहक आयोगासमोर उत्पादनातला दोष सिद्ध करायला तज्ज्ञांचा अहवाल लागू शकतो.

दाद मिळत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा. मात्र तिच्या भरवशावर थांबू नका, कारण ग्राहक आयोगाकडे जायची मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून २ वर्षांची आहे. गाडीसाठी तुम्ही मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग, २ कोटींपर्यंत राज्य आयोग, त्यापुढे राष्ट्रीय आयोग.