ब्लॅक फ्रायडे नाव कुठून आलं? ग्रुपवरचा मेसेज पुढे ढकलायच्या आधी हे बघा

नोव्हेंबर लागला की फॅमिली ग्रुपवर तो मेसेज येतोच, अमेरिकेत थँक्सगिव्हिंगच्या (नोव्हेंबरातल्या चौथ्या गुरुवारचा सण, सुट्टी असते) दुसऱ्या दिवशी गुलाम स्वस्तात विकायचे म्हणून त्या दिवशीच्या मोठ्या सेलला ब्लॅक फ्रायडे म्हणतात. आधी साल बघा. तिकडे गुलामगिरी १८६५ ला कायद्याने बंद झाली आणि त्या शुक्रवारला हे नाव छापलेलं सापडतं ते १९५१ ला, मग मधली ८६ वर्षं नाव काय माळ्यावर पडून होतं? आणि १९५१ लाही सेलबिल काही नाही, कारखान्यांच्या एका मासिकात तक्रार होती की गुरुवारची सुट्टी झाली की शुक्रवारी निम्मे कामगार आजारी पडतात. आपल्याकडे दोन सुट्ट्यांच्या मधल्या दिवशी बरोब्बर ताप येतो ना, सेम.

मग शुक्रवार तोच आहे का ते बघा. सर्च केलं की १८६९ पण दिसेल, पण तो २४ सप्टेंबर, त्या दिवशी अमेरिकेतल्या जे गूल्ड आणि जिम फिस्क या दोन सट्टेबाजांनी सोनं दाबून भाव चढवला, सरकारने सोनं विकायला काढलं आणि बाजार धाडकन पडला. शॉपिंगशी काही घेणंदेणं नाही. मुंबईतल्या बॉम्बस्फोटांचा दिवस, १२ मार्च १९९३, पण शुक्रवारच होता, त्यालाही ब्लॅक फ्रायडे म्हणतात. म्हणून सर्च करताना सोबत फिलाडेल्फिया (अमेरिकेतलं शहर) टाका, खरी गोष्ट तिथली आहे.

तिथे थँक्सगिव्हिंगच्या दुसऱ्या दिवशी आजूबाजूच्या गावातली पब्लिक खरेदीला शहरात उतरायची, त्यात शनिवारी आर्मी-नेव्हीची फुटबॉल मॅच, म्हणजे रस्ते जाम, दुकानात चोऱ्या आणि पोलिसांना सुट्टी नाही, वर लांबलचक ड्युटी. वैतागून पोलिसांनी त्या दिवसाला नावं ठेवली आणि तेच नाव पडलं! दुकानदारांना ते कसं आवडणार, १९६१ च्या सुमाराला त्यांनी 'बिग फ्रायडे' म्हणायचा प्रयत्न केला पण कोणी ढुंकून बघितलं नाही.

आता लाल शाई-काळी शाईवाली गोष्ट. वर्षभर तोटा म्हणून वहीत लाल आकडे आणि या दिवसापासून नफा म्हणून काळे, हे ऐकायला फार गोड वाटतं, पण ते छापून यायला लागलं १९८० च्या दशकात, म्हणजे नाव पडून वीसतीस वर्षं झाल्यावर. अशा वेळी विचारायचं की ही गोष्ट कोणाच्या सोयीची? दुकानदारांच्याच ना. पोलिसांची शिवी धुवून इस्त्री करून परत दिली, मला तर हे असंच वाटतं.

आणि हो, तारीख काढताना नोव्हेंबरचा शेवटचा शुक्रवार धरू नका, चौथा गुरुवार शोधा आणि त्याच्या पुढचा दिवस घ्या. २०१८ ला शेवटचा शुक्रवार ३० ला होता, सेल २३ लाच होता.