शब्द पोचले पाहिजेत: स्वतःची गाणी गाणाऱ्यांनी मंचावर आणि इंटरनेट रेडिओवर या चुका टाळा

ओळखीच्या गाण्यातला एखादा शब्द हुकला तरी ऐकणारा तो मनातून भरून काढतो. तुमचं नवं गाणं मात्र त्याने कधीच ऐकलेलं नसतं. ध्रुवपदातला शब्द हुकला तर त्याच्यापुरतं गाणंच हुकलं. म्हणून दादरच्या हॉलमध्ये गा, वांद्र्याच्या कॅफेत गा किंवा घरातून इंटरनेट रेडिओवर गा, मंचावरचा प्रत्येक निर्णय एकाच प्रश्नावर तपासा: याने शब्द उघडे पडतात की झाकले जातात?

पट्टी मंचावर चढून ठरवू नका

गिटारवाला "सी शार्प" म्हणतो, पेटीवाला "काळी एक" म्हणजे सप्तकातली पहिली काळी पट्टी म्हणतो. दोन्ही एकच, पण घाईत घोळ होतो आणि पहिलं कडवं पट्टी शोधण्यातच जातं. गाण्यांच्या यादीवर प्रत्येक गाण्यासमोर पट्टी आणि कॅपो (गिटारच्या मानेवर लावून सगळ्या तारांची पट्टी चढवणारा चिमटा) दोन्ही लिहून ठेवा. काळी एक म्हणजे पहिल्या फ्रेटवर कॅपो आणि सी पट्टीतल्या कॉर्डचे आकार, किंवा चौथ्यावर कॅपो आणि ए चे आकार. काळी दोन म्हणजे कॅपो १ आणि डी. काळी चार म्हणजे कॅपो १ आणि जी. काळी पाच म्हणजे कॅपो ३ आणि जी. पांढरी चार म्हणजे कॅपो ३ आणि डी.

यापेक्षा जास्त घात करते ती सुरांची फट. पेटीचे सूर मंचावर बदलता येत नाहीत आणि बऱ्याच पेट्या नेमक्या ४४० हर्ट्झच्या प्रमाण सुरावर नसतात. त्यामुळे जुळवून घ्यायचं ते गिटारने. पेटीची मधल्या सप्तकातली पांढरी सहा दाबून धरायला सांगा आणि ट्यूनर पाहा. काटा ८ सेंट (सेंट म्हणजे सेमीटोनचा शंभरावा भाग) चढा दिसला तर ट्यूनरचं कॅलिब्रेशन ४४० वरून ४४२ करा (एका हर्ट्झला साधारण ४ सेंट) आणि मग सहाही तारा लावा. कॅपो लावल्यानंतर तारा पुन्हा तपासा. कॅपो फ्रेटला अगदी चिकटून, सरळ बसला नाही तर तार ताणली जाऊन सूर चढतो.

माइक: अंतर, कोन आणि मूठ

शुअर एसएम५८ किंवा त्यासारखा डायनॅमिक माइक ओठांपासून ५ ते ८ सेंटिमीटरवर ठेवा. अंतर दुप्पट झालं की आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो. मग साउंडवाले दादा तो फेडरने (मिक्सरवरच्या सरकत्या बटणाने) वर आणतात आणि त्याबरोबर खोलीतला गोंगाटही वर येतो. याउलट ओठ जाळीला चिकटले की खालचे स्वर फुगतात आणि शब्द घुमे होतात. मिक्सरवरचं लो-कट (खालचे स्वर कापणारं) बटण दाबून ठेवा. बहुतेक छोट्या मिक्सरवर ते ७५ ते १०० हर्ट्झच्या आसपास कापतं.

मराठीत भ, फ, ध, ख, घ ही महाप्राण अक्षरं पावलोपावली येतात. त्यांच्यासोबतचा श्वास सरळ जाळीवर आदळला की स्पीकरमधून धप्प आवाज होतो. माइक तोंडासमोर सरळ न धरता हनुवटीच्या बाजूने ३० ते ४५ अंश कलता ठेवा, म्हणजे आवाज पकडला जातो आणि वारा बाजूने निघून जातो.

माइकची जाळी मुठीत धरू नका. माइक मागून येणारा आवाज नाकारतो तो जाळीच्या मागच्या भागातल्या फटींमुळे. त्या झाकल्या की तो सगळीकडून ऐकू लागतो आणि मॉनिटर (गाणाऱ्याकडे तोंड केलेला मंचावरचा स्पीकर) लगेच शिट्टी मारतो. मॉनिटरची जागाही माइकच्या जातीवर ठरते. एसएम५८ कार्डिऑइड आहे, म्हणजे तो बरोबर मागून सर्वांत कमी ऐकतो, तेव्हा मॉनिटर बरोबर त्याच्या शेपटीच्या दिशेला हवा. बीटा ५८ए सुपरकार्डिऑइड आहे; तो मागून थोडं ऐकतो, म्हणून मॉनिटर मधोमध न ठेवता बाजूला, माइकच्या तोंडापासून १२० ते १२५ अंशांवर सरकवा. न लागणारे माइक म्यूट करा. उघड्या माइकांची संख्या दुप्पट झाली की शिट्टी येण्याआधी मिळणारी आवाजाची मुभा सुमारे ३ डेसिबलने कमी होते.

आणि इको. ऑर्केस्ट्राच्या सवयीने चॅनलवर इको आधीच चढवलेला असतो. मागच्या शब्दाची सावली पुढच्या शब्दावर पडते आणि दोन्ही जातात. "दादा, इको पूर्ण बंद करा, रिव्हर्ब (खोलीसारखी हलकी घुमणी) अगदी थोडा द्या," एवढं साउंडचेकच्या पहिल्याच मिनिटात सांगा. हा बदल फुकट आहे आणि त्याने जितका फरक पडतो तितका महागड्या माइकनेही पडत नाही.

गिटार शब्दांवर चढत असेल तर आवाज वाढवत बसू नका. गिटारच्या चॅनलवर अडीच ते ३ किलोहर्ट्झच्या आसपास ३-४ डेसिबल कापा. व्यंजनांची धार त्याच पट्ट्यात असते. तिथे जागा झाली की आवाज न वाढवता शब्द पुढे येतात.

गिटारची पातळ, खरखरीत किंवा गुणगुणणारी लाइन

लांब जॅक केबलने गिटार थेट मिक्सरमध्ये खुपसणं ही सगळीकडे दिसणारी चूक. अशी केबल ५-६ मीटरपेक्षा लांब झाली की वरचे स्वर मरतात आणि विजेचा हम शिरतो. मधे डीआय बॉक्स (गिटारचा सिग्नल लांब केबलजोगा करणारी डबी) हवा. पुढे एक्सएलआर केबल (तीन पिनांची, माइकला लावतात ती) बरीच लांब चालते. कोणता डीआय, तेही पाहा. बॅटरी नसलेल्या नुसत्या पिएझो पिकअपला (लाकडी गिटारच्या ब्रिजखालची, कंपनं पकडणारी पट्टी) किमान १ मेगाओहम इनपुट लागतो, म्हणजे ॲक्टिव्ह, विजेवर चालणारा डीआय. पॅसिव्ह डीआय साधारण १४० किलोओहमच्या घरात असतो, त्यावर असा पिकअप पत्र्यासारखा वाजतो. गिटारमध्ये प्रीअँप (पिकअपचा आवाज वाढवणारं बॅटरीवरचं सर्किट) असेल, किंवा लॅपटॉप वा कीबोर्ड असेल, तर पॅसिव्ह पुरतो.

प्रीअँपची ९ व्होल्टची बॅटरी जॅक आत असेपर्यंत खर्च होत राहते. आदल्या रात्री केबल तशीच राहिली तर दुसऱ्या दिवशी मधल्याच गाण्यात आवाज फाटू लागतो. खिशात एक नवी बॅटरी ठेवा.

गुणगुण येत असेल तर क्रमाने शोधा. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. हम गेला तर दोष चार्जरच्या वाटेत आहे. राहिला तर डीआयवरचं ग्राउंड लिफ्ट बटण दाबा. तरीही राहिला तर केबल बदला. प्लगची अर्थ पिन काढून हम घालवायचा प्रकार कधीच करू नका, कोणी सुचवला तरी. आपल्याकडे २३० व्होल्ट आहेत. हात गिटारच्या तारांवर आणि ओठ माइकच्या जाळीवर असताना दोन्हींच्या मधला फरक तुमच्या अंगातून जातो. जाळीला बोट लावल्यावर मुंग्या आल्या तर गाणं थांबवा आणि वायरिंग बघायला लावा.

गिटार स्वतःच घुमू लागली, म्हणजे १०० ते २०० हर्ट्झचा जाड "ऊं" आला, तर साउंडहोलवर रबरी झाकण बसवा, मॉनिटरमधली गिटार कमी करा आणि त्या पट्ट्यात थोडं कापा.

पावसाळा

लाकडी गिटारला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. जून ते सप्टेंबर मुंबईची हवा त्याच्या कितीतरी वर असते. पुढची फळी फुगते, तारा फ्रेटबोर्डापासून वर उचलल्या जातात, दाबायला जड होतात आणि कॅपो लावला की सूर चढतात. केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवा, रंग बदलला की वाळवा किंवा बदला. ढोलकीचं कातडं दमट हवेत सैलावतं आणि एसीत पुन्हा ताणतं. म्हणून लोकलच्या घामट डब्यातून आल्या आल्या वाद्य लावू नका. हॉलमध्ये केस उघडून २०-३० मिनिटं ठेवा, मग जुळवा.

रात्री दहाचा हिशेब

ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ लाउडस्पीकर बंद, अपवाद सभागृहासारख्या बंदिस्त जागांचा. सोसायटीची गच्ची बंदिस्त नाही. निवासी भागात दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आणि रात्रीची ४५. गच्चीवरची मैफल पावणेदहाला संपेल अशी आखा आणि जे गाणं ऐकवायचंच आहे ते शेवटी ठेवू नका. आधीच्या कलाकाराला उशीर झाला की कात्री शेवटच्या गाण्यालाच लागते.

रेडिओवर: खोलीचा आवाज आणि हवेतला आवाज वेगळा

मंचावरून थेट प्रसारण करताना मिक्सरचा मुख्य आउट जसाच्या तसा स्ट्रीमला, म्हणजे इंटरनेटवर जाणाऱ्या आवाजाला देतात. छोट्या खोलीत ढोलकी आणि पेटी माइकशिवायही ऐकू येतात, म्हणून मुख्य मिक्समध्ये त्या नसतातच. घरी ऐकणाऱ्याला कोरडा गळा आणि मागे लांब कुठेतरी ताल एवढंच मिळतं. स्ट्रीमसाठी वेगळा ऑक्स सेंड (मिक्सरमधून निघणारं दुसरं मिक्स) घ्या, तो प्री-फेडर ठेवा, म्हणजे हॉलचे फेडर हलले तरी स्ट्रीम हलणार नाही, त्यात सगळी वाद्यं द्या आणि श्रोत्यांकडे तोंड केलेला एक माइक हळू मिसळा. मिक्सरचा लाइन आउट इंटरफेसच्या (आवाज लॅपटॉपमध्ये नेणाऱ्या डबीच्या) माइक इनपुटमध्ये घालू नका. तिथे आवाज फाटतो आणि गेन शून्यावर आणूनही सुधारत नाही. लाइन इनपुट वापरा, नसेल तर २० डेसिबलचा पॅड, म्हणजे सिग्नल घटवणारा जोड.

घरून वाजवणाऱ्यांची सर्वांत मोठी चूक: दोन इनपुटच्या इंटरफेसमध्ये पहिल्यात गळा, दुसऱ्यात गिटार, आणि सॉफ्टवेअर त्यांना डावा-उजवा समजतं. एकच इअरफोन लावून लोकलमध्ये ऐकणाऱ्याला एक तर नुसती गिटार मिळते किंवा नुसते शब्द. दोन्ही चॅनल मधोमध आणा किंवा स्ट्रीमच मोनो करा. एक गळा आणि एक गिटार असेल तर ९६ केबीपीएस बिटरेटचा (सेकंदाला जाणाऱ्या डेटाचा आकडा) मोनो एमपी३ त्याच आकड्याच्या स्टिरिओपेक्षा स्वच्छ वाजतो. कमी बिटरेटवर स, श, च आधी चरचरतात, आणि आपली निम्मी यमकं तिथेच असतात.

पंखा बंद करा. जाडशी गोधडी माइकच्या मागे नको, गाणाऱ्याच्या पाठीमागे टांगा. माइक समोरचं ऐकतो, त्यामुळे तुमच्या पाठीमागच्या भिंतीवरून परतणारा आवाजच त्यात जास्त शिरतो.

पातळी: शिखरं उणे ६ डेसिबलच्या आसपास, सरासरी लाउडनेस (कानाला जाणवणारा मोठेपणा) उणे १६ एलयूएफएस. बोलणं आणि गाणं यांत फार दरी ठेवू नका, ऐकणारा दर वेळी आवाज कमी-जास्त करत बसत नाही. इंटरफेस आणि स्ट्रीमचा सॅम्पल रेट (आवाज सेकंदाला किती वेळा मोजला जातो तो आकडा) एकच ठेवा. ४४.१ ची ध्वनिफीत ४८ किलोहर्ट्झच्या घड्याळावर वाजली तर गाणं जलद आणि सुमारे दीड सेमीटोन चढं होतं. काळी एकचं गाणं पांढरी दोन आणि काळी दोन यांच्या मधोमध जाऊन पडतं.

१२८ केबीपीएसच्या स्ट्रीमला तासाला साधारण ५८ एमबी लागतात, म्हणजे वेग फारसा नको, सातत्य हवं. हॉलच्या वाय-फायवर श्रोतेही बसलेले असतात. लॅन केबल मागा, आणि दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला फोन यूएसबीने जोडून तयार ठेवा. आइसकास्ट (इंटरनेट रेडिओचं सर्व्हर सॉफ्टवेअर) असेल तर फॉलबॅक माउंट (माउंट म्हणजे सर्व्हरवरचा एका स्ट्रीमचा पत्ता) लावा, म्हणजे तुमची लाइन तुटली तरी ऐकणारा बाहेर फेकला जात नाही आणि भरणीचं संगीत लागतं. फॉलबॅकचा कोडेक (एमपी३ सारखा आवाजाचा साचा) आणि सॅम्पल रेट मूळ स्ट्रीमसारखाच असावा, नाहीतर अनेक प्लेअर गप्प होतात. फॉलबॅक-ओव्हरराइड ही सेटिंग चालू केली नाही तर तुम्ही परत आलात तरी श्रोते भरणीवरच अडकून राहतात.

गाण्याच्या नावाऐवजी प्रश्नचिन्हं किंवा विचित्र अक्षरं दिसतात? एमपी३ माउंटवर आइसकास्ट मजकूर मुळात आयएसओ-८८५९-१ ही रोमन अक्षरांची सूची धरून चालतो, त्यात देवनागरी नाही. माउंटच्या मांडणीत चारसेट यूटीएफ-८ लिहा. कवीचं नाव नीट दिसावं एवढ्यासाठी ही एक ओळ करायलाच हवी.

"आवाज येतोय का?" हे हवेत विचारू नका. स्ट्रीम १० ते ३० सेकंद मागे असतो. आधीच एका मैत्रिणीला ऐकायला बसवा आणि तिचं उत्तर व्हॉट्सॲपवर घ्या. स्वतःचा स्ट्रीम स्पीकरवर लावून माइक उघडा ठेवू नका. आणि स्ट्रीमवर विसंबू नका, मूळ वेव्ह फाइल सोबत रेकॉर्ड करा: स्टिरिओ, १६ बिट, ४४.१ ला तासाला सुमारे ६३५ एमबी.

शब्द कोणाचे, हे आधी कागदावर

कवितेला चाल लावून गाणं ही आपली जुनी आवड, पण परवानगी मागायची राहून जाते. भारतात कवीच्या निधनानंतर ६० वर्षं हक्क टिकतात. कुसुमाग्रज १९९९ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कविता २०५९ अखेरपर्यंत संरक्षित आहेत. तुकोबांचा अभंग मोकळा आहे. त्याला विसाव्या शतकात कोणी लावलेली चाल मोकळी असेलच असं नाही.

दुसऱ्यांची ध्वनिमुद्रित गाणी वाजवणाऱ्या रेडिओने कॉपीराइट कायद्याच्या कलम ३१डी मधल्या, प्रसारकांसाठीच्या वैधानिक परवान्यावर भिस्त ठेवू नये. मुंबई उच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो इंटरनेट स्ट्रीमिंगला लागू नसल्याचं म्हटलं आणि २०२२ मध्ये खंडपीठाने तेच कायम ठेवलं. परवाना थेट हक्कधारकांकडून घ्यावा लागतो. तुम्ही आयपीआरएसचे (गीतकार-संगीतकारांच्या हक्कांची संस्था) सभासद असाल तर सादरीकरणाचे हक्क संस्थेकडे सोपवलेले असतात, म्हणून "माझंच गाणं आहे, वाजवा" एवढं म्हणून भागत नाही; रेडिओचालकाला तसं सांगा.

रेकॉर्डिंगचे हक्क देताना मुदत आणि प्रदेश लिहा. मुदत लिहिली नाही तर कायदा ५ वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नाही तर भारत. २०१२ च्या दुरुस्तीनंतर गीतकार आणि संगीतकाराला रॉयल्टीतला समान वाटा सोडून देता येत नाही, मग करारात काहीही छापलेलं असो. आणि दोघांनी मिळून गाणं केलं असेल तर वाटे मैत्री ताजी असतानाच लिहून दोघांच्या सह्या घ्या. रेडिओला फाइल पाठवताना सोबत गाण्याचं नाव, गीत, संगीत, गायक, कालावधी आणि असल्यास १२ अक्षर-अंकांचा आयएसआरसी (त्या ध्वनिमुद्रणाचा ओळख क्रमांक) असा एक तक्ता द्या, देवनागरीत, निवेदकाला जसा वाचायला हवा तसा.