धातू आणि अधातूंच्या आयनीभवन ऊर्जेची तुलना कशी करावी

वायुरूप अवस्थेतील सुट्या अणूमधून सर्वांत सैल बांधलेला इलेक्ट्रॉन काढून टाकण्यासाठी जी किमान ऊर्जा लागते, तिला प्रथम आयनीभवन ऊर्जा म्हणतात. ती धातूंमध्ये सामान्यतः कमी आणि अधातूंमध्ये जास्त असते. मात्र केवळ या विधानावर विसंबून उत्तर लिहू नये.

सुरुवातीला दोन्ही मूलद्रव्यांची आवर्तसारणीतील स्थाने पाहावीत. ती एकाच आवर्तात (आडव्या ओळीत) असली, तर कारण स्पष्ट मांडता येते. सोडिअम आणि क्लोरीन यांचे बाह्यतम इलेक्ट्रॉन तिसऱ्याच कवचात असतात आणि आतील 10 इलेक्ट्रॉनांचा आडोसाही दोघांना जवळजवळ सारखाच मिळतो. परंतु सोडिअमच्या केंद्रकात 11 आणि क्लोरीनच्या केंद्रकात 17 प्रोटॉन असल्याने क्लोरीनचा अणू आकाराने लहान होतो व त्याची पकड घट्ट राहते. म्हणूनच सोडिअमसाठी ही ऊर्जा प्रतिमोल 496 किलोज्यूल, तर क्लोरीनसाठी 1251 किलोज्यूल आहे. गणात (उभ्या स्तंभात) खाली जाताना ती घटते: लिथिअम 520, सीझिअम 376.

आवर्तात डावीकडून उजवीकडे जाताना दिसणारी ऊर्जेची चढणही अखंड नसते. मॅग्नेशिअमची ऊर्जा 738, तर त्याच्यापुढील ॲल्युमिनिअमची 578 आहे, कारण ॲल्युमिनिअमचा निघणारा इलेक्ट्रॉन अधिक ऊर्जेच्या 3पी कक्षकात (तिसऱ्या कवचातील एका उपपातळीत) असतो. फॉस्फरस (1012) आणि गंधक (1000) यांच्यातही असाच छोटा उतार आहे.

आवर्त आणि गण दोन्ही वेगळे असतील, तर अंदाज न बांधता कोष्टकातील आकडेच पाहावेत. पारा धातू असूनही त्याची ऊर्जा 1007, म्हणजे अधातू असलेल्या गंधकापेक्षा किंचित जास्तच आहे. धातू-अधातू हे वर्गीकरण ऊर्जेचे कारण नव्हे, याचा यापेक्षा चांगला पुरावा क्वचितच मिळेल.

तुलना नेहमी प्रथम ऊर्जेची प्रथम ऊर्जेशीच करावी, कारण सोडिअमचा दुसरा इलेक्ट्रॉन निऑनसारख्या पूर्ण कवचातून काढावा लागतो आणि त्याला तब्बल 4562 किलोज्यूल लागतात. शिवाय ‘धातू इलेक्ट्रॉन सहज देतात’ या वाक्याचा अर्थ ऊर्जा बाहेर पडते असा घेऊ नये. सोडिअमलाही 496 किलोज्यूल पुरवावेच लागतात आणि क्लोरीनचा अणू तो इलेक्ट्रॉन स्वीकारताना सुमारे 349 किलोज्यूलच परत देतो. उरलेली तूट भरून निघते ती विरुद्ध प्रभारांचे आयन एकत्र येऊन स्फटिक बनताना.